दाताची कीड आणि ‘लेसर’ची पाटी

ड्रिलच्या आवाजाच्या धास्तीने आमच्या अम्मीने कितीतरी महिने दाढेत लवंग धरून काढले. शेवटी दाढच काढावी लागली. म्हणून धाकट्या मुलाची दाढ किडली, तेव्हा ‘लेसरने उपचार’ अशी पाटी पाहून आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथे कळले की तो लेसर फक्त हिरड्यांसाठी आहे. कीड ड्रिलनेच काढणार!

मग आम्ही नीट समजून घेतले. सगळे लेसर सारखे नसतात. डायोड लेसर हिरडीसारख्या मऊ भागावर चालतो. दातासारखा कठीण भाग कोरायला अर्बियम लेसर वापरतात. त्याच्या एका प्रकारातील किरणांची तरंगलांबी २,९४० नॅनोमीटर असते आणि पाणी हे किरण झपाट्याने शोषून घेते. दातात थोडे पाणी असतेच. क्षणात त्याची वाफ होते आणि तिच्या दाबाने दाताचे बारीक कण उडून जातात. किडलेल्या भागात पाणी जास्त असते, म्हणून तो लवकर निघतो. पाण्याचा फवारा दात थंड ठेवतो.

हे एकदम साधले नाही. थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर तयार केला. काही वर्षांतच तो प्रकार दातांवर वापरून पाहिला गेला, पण उष्णतेने आतली नस दुखावण्याचा धोका होता. अर्बियम लेसरला अमेरिकेत दाताच्या कठीण भागासाठी १९९७ मध्ये मंजुरी मिळाली.

या लेसरमध्ये ड्रिलची थरथर नसते आणि बऱ्याचदा भुलीचे इंजेक्शनही लागत नाही. मात्र काम सावकाश होते आणि खर्च जास्त येतो. दातात पूर्वी भरलेली चांदी याने काढत नाहीत. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही खास चष्मा लावावा लागतो. कीड काढल्यावर खड्डा भरावा लागतो, तो लागतोच.

तेव्हा पाटी पाहून भुलू नका. “हा लेसर दात कोरतो की फक्त हिरडीसाठी आहे?” आणि “माझ्या दाताला तो चालेल का?” हे दोन प्रश्न आधी विचारा. पण लेसरची वाट पाहत कीड वाढू देऊ नका. ती नसेपर्यंत पोचली, तर नुसता खड्डा भरून भागत नाही.

आमच्या धाकट्याची दाढ शेवटी ड्रिलनेच कोरली. खुर्चीवरून उतरताना तो म्हणाला, “झालं? एवढंच?” अम्मी मात्र गप्प होती.