जुन्या मोटारींतील आग आणि तिचा प्रतिबंध



यवतमाळ जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन किती कडक असतें, हें आपणांस सांगावयास नको. अशा दिवसांत वणी, पुसद किंवा पांढरकवड्याच्या रस्त्यावर एखादी जुनी जीप अथवा अँबॅसडर कडेला उभी दिसते आणि तिचा मालक बॉनेट उघडून आंत डोकावत असतो. बहुधा पाणी उकळलेलें असतें. परंतु आंतून पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र प्रश्न गाडीचा नसून माणसांच्या जिवाचा आहे.

पेट्रोल जळतें म्हणजे वस्तुतः त्याची वाफ जळते. शून्याखालीं ४० अंशांच्या थंडींतहि पेट घेण्याइतकी वाफ त्यांतून सुटते. मग आपल्या उन्हाळ्याची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षां तिपटी-चौपटीनें जड असल्यामुळें उडून न जातां खालच्या बाजूस सांचते. मग डिस्ट्रिब्युटरमधील किंवा ढिल्या तारेची एक ठिणगी पुरे होते.

अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सी. सी. इंजिनांत कार्ब्युरेटर आणि तप्त धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूस, एकावर एक असे आहेत. वरून गळणारा थेंब नेमका तापलेल्या लोखंडावर पडतो. म्हणून मधला उष्णतारोधक पत्रा ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकूं नये. युद्धकालीन विलीस जीपमध्यें तर पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालींच असे.

गळती होते कां? पहिलें कारण रबराचें वय. ५० वर्षांहून जुन्या मोटारींस २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला. परंतु नियमानें रबराचें आयुष्य वाढत नाहीं. दुसरें कारण नवें आहे. आतां आपल्याकडील पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें, मऊ पडतें, पुढें चिरतें. शिवाय इथेनॉल टाकींतील जुना थर सोडवितें. तो गाळ कार्ब्युरेटरच्या सुईखालीं अडकला कीं सुई नीट बसत नाहीं, आणि पेट्रोल भांड्यांतून ओसंडूं लागतें. नळी नवी असूनहि आग लागते, ती पुष्कळदां अशी.

तेव्हां उपाय असे. सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्या आणि योग्य मापाच्या क्लिपांनीं आंवळाव्या. तारेचा वेढा देऊन काम भागवूं नये. टाकी धुवून घ्यावी, गाळणी बदलावी. यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेलाची पातळी आपोआप वाढली व त्यास पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवूं नये. हवेची गाळणी काढून इंजिन सुरू करूं नये, कारण इंजिन उलट भडकलें तर तीच ज्वाळेस अडविते. कार्ब्युरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतण्याची संवय तर अगदींच घातक होय.

दर आठवड्यास, इंजिन थंड असतांना, प्रत्येक सांध्यावरून कोरडें फडकें फिरवावें. पेट्रोल लवकर उडून जातें, पण मागें पिवळट-तपकिरी डाग ठेवतें. तो डाग म्हणजेच गळतीची साक्ष. पाहणीसाठीं विजेची बॅटरी वापरावी. काडी किंवा कंदील जवळ आणूं नये. उंदरांनीं नळ्या कुरतडल्या नाहींत ना, कापसाच्या हंगामांत इंजिनाशेजारीं कापूस सांचला नाहीं ना, हेंहि पाहावें.

इतकें करूनहि धूर दिसलाच, तर गाडी थांबवून चावी बंद करावी आणि आधीं माणसें उतरवून दूर न्यावीं. बॉनेट सताड उघडूं नये. आंत हवा शिरतांच ज्वाळा उसळते. पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतें आणि आग पसरते. कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें चालकाच्या हाताशीं असावें, आणि त्याचा फवारा फटींतून मारावा. आग आटोक्यांत येत नसेल, तर दूर व्हावें आणि ११२ वर कळवावें.

वडिलार्जित मोटार जपणें ही हौस खरी. पण तिची पहिली कसोटी चकाकणारा रंग नव्हे, तर कोरडी नळी होय.