रेकॉर्डचा छंद: पैसे सुईच्या टोकावर लावा

अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्ड्स जास्त खपल्या. सीडी विकल्या गेल्या सुमारे ३ कोटी ३० लाख आणि रेकॉर्ड्स सुमारे ४ कोटी १० लाख. नगांच्या हिशेबात १९८७ नंतर प्रथमच असं घडलं. आपल्याकडे हा व्यवहार त्या मानाने किरकोळ आहे. तरी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर चक्कर मारली, तर रेकॉर्ड्सचे गठ्ठे चाळणाऱ्यांत कॉलेजची मुलंही दिसतात. घरातला पोटमाळा आवरताना आजोबांच्या रेकॉर्ड्स सापडल्या आणि आता त्या वाजवायच्या कशा, हा प्रश्न पडला, असंही अनेक घरांत होतं.

मग दुकानात किंवा ऑनलाइन शोध सुरू होतो. एका टोकाला पाच-सात हजारांचे, छोट्या सुटकेसच्या आकाराचे प्लेअर, तर दुसऱ्या टोकाला लाखाच्या पुढची यंत्रं. मधल्या वाटेवर सल्ल्यांचा पाऊस. अशा वेळी ब्रँडची यादी बाजूला ठेवून रेकॉर्ड वाजते कशी एवढंच समजून घेतलं, तर कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

अर्ध्या किलोमीटरची खाच

१२ इंची एलपीच्या एका बाजूवर एकच अखंड खाच असते. बाहेरच्या कडेपासून ती गोल गोल फिरत आत जाते. २२ मिनिटांची बाजू मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी वाजली, तर सुमारे ७३० फेऱ्या होतात. ही खाच उलगडून सरळ केली, तर लांबी जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. तिची रुंदी मात्र माणसाच्या केसाएवढीच. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या या खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये एका भिंतीवर डाव्या आणि दुसरीवर उजव्या स्पीकरचा आवाज कोरलेला असतो. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. प्रत्यक्ष बाजारात स्टिरिओ रेकॉर्ड्स यायला १९५८ उजाडावं लागलं.

या खाचेतून हिऱ्याचं बारीक टोक चालतं. भिंतींच्या वळणांबरोबर ते थरथरतं. त्याला जोडलेल्या बारीक दांड्याच्या दुसऱ्या टोकाला इवलंसं चुंबक असतं आणि चुंबकाशेजारी तांब्याच्या तारेची वेटोळी. चुंबक हललं की तारेत वीज निर्माण होते. फॅरेडेचा शाळेत शिकलेला नियम इथे अक्षरशः गातो. ही सगळी यंत्रणा ज्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज. ‘मूव्हिंग मॅग्नेट’ म्हणतात तो हाच प्रकार.

सुईवरचा भार असतो दोन-तीन ग्रॅम. वाचायला तो नगण्य वाटतो. पण सुई दोन्ही भिंतींना जिथे टेकते, ते क्षेत्रफळ काही चौरस मायक्रॉनचंच असतं. त्यामुळे तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पटींत जातो. रेकॉर्ड टिकणार की झिजणार, आवाज स्वच्छ येणार की फाटका, याचा निकाल या एवढ्याशा जागेत लागतो. लाकडी पेटी, चकाकते बटण, रंगीत चकती या गोष्टी त्या निकालात फारशा येत नाहीत.

स्वस्त पेटी का नको?

सुटकेससारख्या बहुतेक प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्यात चुंबकाऐवजी स्फटिकासारखा पदार्थ दाबला जाऊन वीज तयार होते. वीज भरपूर मिळते, त्यामुळे पुढचं सर्किट स्वस्तात उरकतं. पण त्या सुईचा दांडा ताठर असतो आणि भार पाच-सहा ग्रॅम. खाचेतल्या बारीक वळणांबरोबर वळण्याऐवजी ती त्यांना खरवडत पुढे जाते. शिवाय स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्यांची कंपनं पुन्हा सुईपर्यंत पोहोचतात. एकदा वाजवल्याने रेकॉर्डचा लगेच सत्यानाश होत नाही. पण आवडती रेकॉर्ड माणूस शंभरदा ऐकतो, आणि प्रश्न त्या शंभर वेळांचा आहे.

भार जितका कमी तितकं चांगलं, असंही नाही. तो गरजेपेक्षा कमी पडला, तर मोठ्या आवाजाच्या जागी सुई भिंत सोडते, उसळते आणि परत आदळते. त्यानेही खाच जखमी होते. म्हणून कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेला भार अचूक ठेवणं महत्त्वाचं. सोनं तोलायच्या धर्तीवरचा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. या छंदातला तो सर्वांत सार्थकी लागणारा खर्च. काही सोप्या यंत्रांत भार कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारखं स्वयंचलित टर्नटेबल याच जातीचं. नवख्याला ते सोयीचं पडतं, कारण त्यात मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आहे, सुई बदलता येते आणि फोनो प्रीअँपही आतच आहे.

हा फोनो प्रीअँप कशाला?

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारी वीज जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टची. मोबाइल किंवा सीडी प्लेअर देतो त्याच्या काहीशेव्या हिश्शाएवढी. म्हणून आधी ती वाढवावी लागते. दुसरी अडचण अधिक मजेशीर आहे. खर्जाचे आवाज जसेच्या तसे कोरले, तर खाच इतकी रुंद डुलते की एका बाजूवर जेमतेम काही मिनिटं मावतील. तीव्र स्वर इतके बारीक कोरले जातात की ते सुईच्या खरखरीत बुडून जातील. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम घटवतात आणि तीव्र स्वर वाढवतात. वाजवताना नेमकं याच्या उलट करायचं. सगळ्या कंपन्यांनी यासाठी एकच प्रमाण मानावं, असं अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ साली ठरवलं. हे उलट करणारं सर्किट म्हणजे फोनो प्रीअँप.

टर्नटेबलची वायर थेट ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खुपसली की मुंगीएवढा, कर्कश, खर्ज नसलेला आवाज येतो, आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून परत करायला जातात. बिघाड काही नसतो. घरात सत्तर-ऐंशीच्या दशकातला ॲम्प्लिफायर असेल, तर त्याच्या पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेली जागा आधी शोधा. ती सापडली आणि चालत असली, तर तेवढे पैसे वाचले.

ख्याल, शेवट आणि सुईचा आकार

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग मात्र बदलतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो आणि आत, लेबलजवळ, सुमारे २१. म्हणजे तेवढाच आवाज आत अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. १० हजार हर्ट्झच्या एका लाटेला बाहेर ५१ मायक्रॉन मिळतात, आत फक्त २१. साध्या, शंकूच्या आकाराच्या सुईचं टोक साधारण १५ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ते या चिंचोळ्या वळणांत शिरत नाही. आवाज पुसट होतो, ‘स’ आणि ‘श’ फसफसतात.

आता ख्यालाची बढत पाहा. विलंबितात सुरुवात, मग द्रुत, आणि ताना, सरगम, तबल्याची कडक चाट हे सगळं अखेरीला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे. कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये एलपी आणली आणि वीस-बावीस मिनिटं मोकळी झाली. किशोरी आमोणकरांच्या गाजलेल्या एलपीत एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी ऐसपैस मांडणी शक्य झाली ती यामुळेच. पण मैफल रंगात येते तेव्हा सुई नेमकी रेकॉर्डच्या सर्वांत अडचणीच्या जागी पोहोचलेली असते. इथे लंबगोल टोकाची सुई कामी येते. तिच्या कडेची त्रिज्या सात-आठ मायक्रॉनच असल्याने ती आतल्या वळणांत बरीच नीट शिरते. त्यामुळे सुरुवातीनंतर हाताशी थोडे पैसे आले, की नवं यंत्र घेण्याऐवजी लंबगोल सुई घ्यावी. यंत्र तिला जुळणारं हवं, एवढं आधी पाहावं.

अशी हिऱ्याची सुई साधारण ३०० ते ५०० तास चालते. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला ती एक-दोन वर्षांनी बदलावी लागेल. म्हणून पोटमाळ्यावरचं जुनं यंत्र मिळालं, तर त्यावर लाडकी रेकॉर्ड लगेच ठेवू नका. आधी सुई बदला, मग चकती फिरवणारा रबरी पट्टा. पट्टा सैल झाला की सूर डगमगतो. गती तपासायला एक फुकटचा उपाय आहे. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतराने १८० रेघा छापा आणि चोक-स्टार्टरच्या जुन्या ट्यूबलाइटखाली ती फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. गती अचूक ३३⅓ असेल, तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी.

आजोबांच्या तबकड्या वेगळ्या

सापडलेल्या रेकॉर्ड्स जड, ठिसूळ आणि दहा इंची असतील, तर त्या बहुधा ७८ फेऱ्यांच्या असणार. बालगंधर्वांची नाट्यपदं घराघरांत पोहोचली ती याच तबकड्यांवरून. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या किड्याने तयार केलेल्या राळेच्या. जगाला ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जात असे. या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी भरकटते, म्हणून ७८ची जाड सुई वेगळी घ्यावी लागते. उलटी चूक त्याहून महागात पडते. चावीच्या ग्रामोफोनची लोखंडी सुई एलपीवर टेकवली, तर एलपी संपलीच. अजून एक ध्यानात ठेवा: शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं. स्पिरिटच्या बोळ्याने ७८ची तबकडी पुसायला जाल, तर गाणंही पुसलं जाईल.

एलपी मात्र व्हिनाइल प्लास्टिकच्या. त्या धुवायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढून टाकावा. नळाचं पाणी नको, कारण ते वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत बसतात. लेबल भिजू देऊ नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते आणि ती रेकॉर्डवर उतरते, म्हणून आतली पाकिटं बदलावीत. रेकॉर्ड्स पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच नाही, व्हिनाइल तिथल्या उष्णतेने वाकतं.

जुन्या बाजारात काय पाहाल?

रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढा. कव्हर एकीचं आणि आत दुसरी, हे सर्रास घडतं. प्रकाशात तिरकी धरा. वरवरच्या बारीक रेषा चालतील, पण नखाला जाणवणारा ओरखडा दर फेरीला ‘टक’ करणार. काळी चमक जाऊन खाचा करड्या दिसत असतील, तर जड सुयांनी त्या आधीच खाल्ल्या आहेत. डोळ्यांच्या पातळीवर धरून वाक आहे का, तेही पाहा. १८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डसाठी मात्र जादा पैसे देऊ नका. खाचेची खोली जाडीवर अवलंबून नसते.

आकडे बघितले तर रेकॉर्ड सीडीपुढे उणीच ठरते. सीडीतल्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल, तर रेकॉर्डमधलं साधारण ५५ ते ७०. त्यामुळे ‘अस्सल’ आवाजाच्या नावाखाली सोन्याच्या मोलाच्या वायरी घेण्यात अर्थ नाही. रेकॉर्ड ऐकायची ती बसून, बाजू पुरी होईपर्यंत, यासाठी.

पंचवीस-तीस हजारांत सुरुवात करायची असेल, तर निम्मे टर्नटेबलला द्यावेत, तिसरा हिस्सा बऱ्या स्पीकरना, आणि उरलेल्यात काटा, ब्रश, पाकिटं आणि पहिल्या दहा-बारा जुन्या रेकॉर्ड्स. घरात चालू स्थितीतला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असतील, तर याच्या निम्म्यातही भागेल. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: सुई बदलता येते का, सुईवर भार किती ग्रॅम आहे, आणि फोनो प्रीअँप आत आहे की वेगळा घ्यावा लागेल? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर पैसे खिशातच ठेवून पुढच्या दुकानात जा.