लाल दिवा आणि निनावी मॉड्यूल

चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात लाइन बंद पडते. मेंटेनन्सवाले पॅनेल उघडतात, जळालेलं आयओ मॉड्यूल काढतात आणि स्टोअरमधलं त्याच नंबरचं नवंकोरं बसवतात. वायरी जिथल्या तिथे, २४ व्होल्टचा सप्लाय ठीक, तरी लाल दिवा हटत नाही. 'पीसच डिफेक्टिव्ह निघाला' म्हणून दुसरा मागवतात. त्याचीही तीच गत.

पीस चांगला असतो, त्याचं बारसं राहिलेलं असतं. प्रोफिनेट नेटवर्कवर लाइन चालवणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, आपल्या उपकरणांना नावाने हाक मारतो आणि जे ओ देईल त्याला आयपी पत्ता देतो. नव्या मॉड्यूलवर मॅक पत्ता तेवढा छापलेला असतो, नाव कोरं. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये 'ॲक्सेसिबल डिव्हायसेस' उघडलं की नेटवर्कवरची सगळी उपकरणं दिसतात. त्यातलं नवं कोणतं, हे कळेना तर 'फ्लॅश एलईडी' दाबायचं आणि पॅनेलमध्ये कोणाचे दिवे लुकलुकतात ते पाहायचं. मग प्रोजेक्टमधलं नाव त्याला जसंच्या तसं द्यायचं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी लाल दिवा कायम. कोणती केबल कोणत्या पोर्टातून कुठे जाते, ही टोपोलॉजी आधीच भरलेली असेल तर पीएलसी शेजाऱ्यांवरून नव्याला ओळखून नाव स्वतःच देऊ शकतो. पण कमिशनिंगच्या घाईत तेवढं भरायला सवड कोणाला?

बिघाड शोधताना मात्र आधी पीएलसीच्या सीपीयूमधला डायग्नोस्टिक बफर वाचावा. कोणतं मॉड्यूल कधी तुटलं, सीपीयू स्टॉपमध्ये का गेला, याच्या नोंदी तिथे वेळेसह असतात. वेळ वाचताना जपा. सीपीयूचं आतलं घड्याळ यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ८ वाजताचा बिघाड पडद्यावर रात्री २:३० चा दिसू शकतो आणि झोपायला गेलेल्या तिसऱ्या पाळीच्या नावावर बिल फाटतं! स्थानिक वेळ दाखवण्याचा पर्याय तिथेच असतो. तो निवडला की बिचारे सुटतात.

खरा धोका 'डाउनलोड'च्या बटणात आहे. लॅपटॉपमधला प्रोग्राम त्याने पीएलसीत जातो. हार्डवेअर कॉन्फिगरेशन बदललं असेल तर त्यासाठी सीपीयू स्टॉपमध्ये जातो, म्हणजे चालू लाइन थांबते. शिवाय मधल्या काळात कोणी पीएलसीत थेट एखादा टायमर बदलला असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनीच फाइल असेल, तर तो बदल पुसला जातो. म्हणून आधी ऑनलाइन-ऑफलाइन तुलना करायची, फरक कुठे आहे ते बघायचं आणि मगच बटणाला हात लावायचा.

कारखानदारांना एवढंच सांगणं: प्रोजेक्टची ताजी फाइल आणि तिचा पासवर्ड आजच मागून घ्या. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये ती असून भागत नाही. तो नोकरी बदलतो, लाइन तुमच्याकडेच राहते.