खाद्यात कोंडलेले स्फुरद आणि कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. घरखर्चाला मधूनमधून पैसा हाती यावा म्हणून आपल्यापैकी पुष्कळ सभासद जोडीला कोंबड्या पाळतात. या धंद्यात शंभर रुपये खर्च झाले, तर त्यातले साठ-सत्तर रुपये एकट्या खाद्याचे असतात. म्हणून कोंबडीने किती खाल्ले यापेक्षा त्यातले अंगी किती लागले, हा हिशेब महत्त्वाचा.

मका आणि सोयापेंड हे खाद्याचे मुख्य घटक. त्यांतील स्फुरदापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात कोंडलेला असतो. तो सोडवायला फायटेज हे एन्झाइम, म्हणजे पाचक द्रव्य लागते. कोंबडीच्या अंगात ते फार थोडे तयार होते. त्यामुळे बरेचसे स्फुरद विष्ठेवाटे निघून जाते आणि आपण वरून डीसीपी विकत आणून घालतो. कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेले, अशी ही गत आहे.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. जमिनीत स्फुरद असूनही उसाला मिळत नाही, तेव्हा आपण स्फुरद विरघळविणारे जिवाणू शेणखतातून देतो. तोच विचार इथे कोंबडीच्या पोटासाठी करायचा आहे.

कोणी विचारील, आतड्यात जिवाणू आधीच असतात ना? असतात, कोट्यवधी असतात. पण त्यांची मोठी वस्ती आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांत असते. खाद्यातले सत्त्व मुख्यतः शोषले जाते ते त्याच्या आधी, लहान आतड्यात. पाणी चारीच्या शेपटाला सुटावे आणि शेत वरच्या अंगाला असावे, तसे होते. म्हणून ही मदत खाद्यातूनच द्यावी लागते.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जिवंत जिवाणूंचा. निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातून बॅसिलस जातीचे जिवाणू वेगळे काढतात. प्रथिने, स्टार्च, तंतू किंवा फायटेट फोडणारी एन्झाइम्स कोणता वाण जास्त करतो, हे तपासून निवडक वाण वाढवतात. हे जिवाणू बीजाणूच्या रूपात असल्यामुळे गोळी खाद्य करतानाची उष्णता आणि पोटातले आम्ल सोसतात.

दुसरा मार्ग तयार एन्झाइमचा. नेदरलँड्समध्ये जनावरांच्या खतातले स्फुरद पाण्यात उतरून त्रास होऊ लागला होता. तिथे १९९१ साली बुरशीपासून केलेले फायटेज बाजारात आले. पुढे आतड्यातल्याच ई. कोलाय जिवाणूचे फायटेज यीस्टकडून बनवून घेण्याची पद्धत निघाली. हल्ली ते सर्रास वापरले जाते.

फायदा किती? किलो खाद्याला ५०० युनिट फायटेज दिले, तर एक टन खाद्यामागे साधारण एक किलो स्फुरद मोकळे होते. डीसीपीत स्फुरद सुमारे १८ टक्के धरले, तर टनामागे पाचेक किलो डीसीपीची बचत होते.

मात्र पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांनी कंपनीच्या खाद्यात स्वतः काही मिसळू नये. त्यात एन्झाइम बहुधा आधीच असते.

२. दुकानदाराच्या सांगण्यावरून डीसीपी एकदम बंद करू नये. पाय अधू होतात, अंडी पातळ कवचाची येतात. पशुवैद्यकाकडून खाद्याचा हिशेब मांडून घ्यावा व मगच प्रमाण घटवावे.

३. अंड्यावरच्या कोंबड्यांचा शिंपला मनाने कमीजास्त करू नये. कॅल्शियम गरजेपेक्षा फार झाले, तर फायटेजचे काम मंदावते.

४. जिवाणूंची भुकटी सुरू असताना पाण्यातून प्रतिजैविके दिली, तर दोन्ही खर्च वाया जाण्याची भीती असते. वाढीसाठी म्हणून प्रतिजैविके देऊच नयेत. कोलिस्टिन तर आपल्या देशात २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंद आहे.

५. पाकिटावर जिवाणूचे नाव, प्रति ग्रॅम संख्या किंवा एन्झाइमचे युनिट आणि मुदत पाहूनच खरेदी करावी. पाकीट उन्हात ठेवू नये.

भुरकट, बुरशी लागलेला मका कोणत्याही जिवाणूने सुधारत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. नवे खाद्य आधी थोड्या कोंबड्यांना वेगळे देऊन पाहावे. खाद्य, वजन आणि अंडी यांची रोज वहीत नोंद करावी. पाकिटावरच्या जाहिरातीपेक्षा आपल्या वहीतला आकडा खरा मानावा.

– ऊस विकास अधिकारी