दाण्यातील बद्ध स्फुरद आणि ते मोकळे करणारी पाचकद्रव्ये

कोंबडीच्या पिलांना मका व सोयाबीनची पेंड यांचा भरडा पोटभर मिळत असूनही त्यांची वाढ खुंटते, पाय वाकतात व हाडे मऊ राहतात, असा अनुभव घरच्या घरी खाद्य तयार करणाऱ्या कुक्कुटपालकास कधी कधी येतो. ड जीवनसत्त्वाची किंवा चुन्याची उणीव हे त्याचे कारण असू शकते. परंतु ही दोन्ही योग्य प्रमाणात देऊनही दोष हटला नाही, तर स्फुरदाकडे लक्ष द्यावे लागते. येथे एक कोडे पुढे येते. खाद्याचे रासायनिक पृथक्करण केल्यास त्यात स्फुरद बऱ्यापैकी आढळते. मग ते पिलाच्या हाडांपर्यंत का पोहोचत नाही? याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. धान्यातील बहुतेक स्फुरद इनॉसिटॉल नावाच्या द्रव्याशी जखडलेले असते व कोंबडीच्या पोटात ते सोडविण्याची शक्ती फारच थोडी असते.

इनॉसिटॉल व फायटिक अम्ल

इनॉसिटॉल हा साखरेच्या जातीचा, किंचित गोड पदार्थ होय. 1850 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान शेरर यांनी तो प्रथम मांसातून वेगळा काढला. त्याच्या रेणूत कर्बाच्या सहा अणूंचे एक कडे असते व प्रत्येक अणूवर दुसरे द्रव्य जोडले जाण्यास एक एक जागा असते. या सहाही जागी स्फुरदाचा एक एक गट बसला म्हणजे फायटिक अम्ल तयार होते. वजनाच्या मानाने पाहता या अम्लात सुमारे 28 टक्के स्फुरद असते. थोड्या जागेत एवढे स्फुरद साठविण्याची ही निसर्गाची मोठी सोयीस्कर योजना आहे.

वनस्पतीची पेशी हे द्रव्य स्वतःच घडविते. द्राक्षशर्करेपासून प्रथम इनॉसिटॉलचे कडे तयार होते. नंतर निरनिराळी एंझाइमे त्यावर स्फुरदाचे गट क्रमाक्रमाने चढवितात. एंझाइम म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारे प्रथिन होय. अन्नाचे पचन करणाऱ्या एंझाइमांना आपण पाचकद्रव्ये म्हणतो. दाणा भरू लागला म्हणजे तयार झालेले फायटिक अम्ल पालाश, मॅग्नेशियम व थोडेबहुत कॅल्शियम यांना धरून बारीक गोळ्यांच्या रूपाने साठून राहते. धान्ये व तेलबिया यांतील एकूण स्फुरदापैकी सामान्यतः दोन तृतीयांश भाग या स्वरूपात असतो. मक्यात हा साठा मुख्यतः अंकुरात असतो, तर गहू व भात यांत टरफलाखालील पातळ थरात. म्हणूनच गव्हाच्या व भाताच्या कोंड्यात स्फुरद भरपूर दिसते, पण त्यातील फार थोडे मोकळे असते.

साठवण हे इनॉसिटॉलचे एकच कार्य नव्हे. पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यातही ते असते. 1983 साली जर्मन व ब्रिटिश संशोधकांनी मिळून असे दाखविले की, पेशीला बाहेरून एखादी सूचना मिळाली असता या स्निग्ध द्रव्यापासून सुटलेले तीन स्फुरदांचे इनॉसिटॉल पेशीतील कॅल्शियमचा साठा मोकळा करते व ती सूचना आत पोहोचविते. तात्पर्य, एकाच कड्यावर स्फुरदाचे गट किती व कोठे बसले आहेत, यावर ते साठ्याचे काम करील की निरोप्याचे, हे ठरते.

कुलूप उघडणारी किल्ली : फायटेज

हा साठा बियाणाने पुढील पिढीसाठी केलेला असतो. बी ओलावून रुजू लागले म्हणजे त्यात फायटेज नावाचे एंझाइम कामास लागते. ते फायटिक अम्लावरील स्फुरदाचे गट एकामागून एक सोडविते व कोवळ्या रोपास स्फुरद पुरविते. राहिलेले इनॉसिटॉलही वाया जात नाही. नव्या पेशींच्या भिंती बांधण्याच्या कामी त्याचा उपयोग होतो. जपानचे उमेतारो सुझुकी व त्यांचे सहकारी यांनी 1907 साली भाताच्या कोंड्यात हे एंझाइम असल्याचे दाखविले.

फायटेज सर्व दाण्यांत सारखे नसते. गहू, राय व सातू यांच्या कोरड्या दाण्यातही त्याची शक्ती बरीच असते. मका, ज्वारी व तेलबियांच्या पेंडी यांत ती अत्यल्प असते. काही बुरशा व जंतूही हे एंझाइम तयार करतात आणि त्यांची काम करण्याची रीत थोडी निराळी असते. ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे फायटेज कड्याच्या तिसऱ्या स्थानापासून आरंभ करते, तर गव्हाचे व आतड्यातील एका जंतूचे सहाव्या स्थानापासून. ही सर्व एंझाइमे आम्ल स्थितीत चांगले काम करतात व जास्त उष्णतेने निकामी होतात. फायटिक अम्ल मात्र साध्या शिजविण्याने फारसे नाहीसे होत नाही. हा फरक व्यवहारात विसरून चालत नाही.

गाय आणि कोंबडी यांतील भेद

गाय, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जंतू वसती करतात. ते फायटेज तयार करीत असल्याने दाण्यातील बद्ध स्फुरद या जनावरांस बहुतांशी उपयोगी पडते. कोंबडी व डुक्कर यांच्या पोटात अशी सोय नसते. त्यामुळे बद्ध स्फुरदाचा मोठा भाग विष्ठेवाटे बाहेर जातो. जाताना फायटिक अम्ल जस्त, कॅल्शियम, लोह यांनाही धरून नेते. कुक्कुटपालकाची हानी अशी दुहेरी होते. धान्याबरोबर विकत घेतलेले स्फुरद वाया जाते आणि त्याची भरपाई डायकॅल्शियम फॉस्फेट विकत घेऊन करावी लागते. स्फुरदयुक्त खडकाचे आपल्या देशातील साठे मर्यादित असून बराचसा कच्चा माल परदेशांतून आणावा लागतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

खाद्याचा हिशेब

उदाहरणादाखल 60 किलो मका व 30 किलो सोयाबीनची पेंड असलेले 100 किलो खाद्य घेऊ. मक्यात एकूण स्फुरद सुमारे 0.28 टक्के व त्यापैकी मोकळे 0.08 टक्के असते. सोयाबीनच्या पेंडीत ही प्रमाणे अनुक्रमे 0.62 व 0.22 टक्के धरतात. यावरून दोन्ही मिळून एकूण स्फुरद 354 ग्रॅम भरते, पण मोकळे फक्त 114 ग्रॅम. उरलेले 240 ग्रॅम कुलूपबंद राहते. मांसल जातीच्या लहान पिलांच्या 100 किलो खाद्यात मोकळे स्फुरद सुमारे 450 ग्रॅम असावे असे मानतात. म्हणजे 336 ग्रॅमची तूट आली. 18 टक्के स्फुरद असलेल्या डायकॅल्शियम फॉस्फेटने ती भरून काढावयाची तर सुमारे 1 किलो 870 ग्रॅम चूर्ण लागेल. उरलेल्या 10 किलोतील इतर घटक या हिशेबात धरलेले नाहीत.

आता याच खाद्यात फायटेज मिसळल्यास काय होते ते पाहू. कोंबड्यांच्या खाद्यात बुरशीचे फायटेज घालून बद्ध स्फुरदाचा उपयोग करून घेता येतो, असे अमेरिकेतील प्रयोगांत 1971 च्या सुमारास दिसून आले. तथापि ते स्वस्तात तयार करण्यास आणखी वीस वर्षे लागली. जनावरांच्या खतातील अतिरिक्त स्फुरद पाण्यात उतरून ते दूषित होऊ लागल्याने नेदरलँड्समध्ये या प्रश्नाची निकड भासली व 1991 च्या सुमारास तेथे खाद्यात मिसळण्याचे फायटेज बाजारात आले. आज ते आपल्याकडेही मिळते. एक किलो खाद्यास 500 एकक ही सर्वसाधारण मात्रा असून तिच्यामुळे 100 किलो खाद्यात सुमारे 100 ग्रॅम स्फुरद मोकळे झाल्यासारखे धरतात. वरील उदाहरणातील तूट त्यामुळे 236 ग्रॅमवर येते आणि डायकॅल्शियम फॉस्फेट सुमारे 1 किलो 310 ग्रॅम पुरते. एक टन खाद्यामागे ही बचत साडेपाच किलोंहून अधिक होते. फायटेजची किंमत वजा जाता काय उरते, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने काढून पाहावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

1. पिशवीवर एका ग्रॅममध्ये किती एकके आहेत ते वाचावे. एका ग्रॅममध्ये 5000 एकके असल्यास एक टन खाद्यास 100 ग्रॅम चूर्ण पुरते. एकके न पाहता केवळ वजनावर मात्रा ठरवू नये.

2. इतके थोडे चूर्ण एकदम ढिगात टाकल्यास सर्वत्र सारखे मिसळत नाही. प्रथम एक-दोन किलो भरड्यात ते चांगले कालवावे, मग त्यात थोडा थोडा भरडा वाढवीत जावे व शेवटी सर्व खाद्यात मिसळावे.

3. फायटेज मिसळलेले खाद्य उकळू किंवा भाजू नये. खाद्याच्या गोळ्या वाफेवर तयार करावयाच्या असल्यास उष्णता सोसणारा प्रकार मागून घ्यावा.

4. चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा प्रमाणाबाहेर घालू नये. कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त झाल्यास ते फायटिक अम्लाशी घट्ट बांधले जाते व फायटेजचा प्रभाव कमी पडतो. डायकॅल्शियम फॉस्फेटमध्येही कॅल्शियम असते. म्हणून ते कमी करताना एकूण कॅल्शियमचा हिशेब पुन्हा मांडावा.

5. चूर्ण थंड व कोरड्या जागी, तोंड बंद करून ठेवावे. मुदत संपलेले चूर्ण वापरू नये.

6. फायटेज घातले म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट अजिबात बंद करण्याची चूक करू नये. अंड्यावरील व मांसल कोंबड्यांच्या गरजा भिन्न असल्याने बदल करण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा व प्रथम थोड्या पक्ष्यांवर अनुभव पाहावा.

ज्यांच्याकडे गुरे व कोंबड्या दोन्ही आहेत त्यांनी भाताचा व गव्हाचा कोंडा शक्यतो गुरांच्या आंबोणात वापरावा. त्यातील स्फुरदाचा लाभ गुरांना अधिक मिळतो.

घरच्या अन्नातही हाच नियम

माणसाच्या पोटातही फायटेज अल्पच असते. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी तृणधान्ये व मुडदूस यांच्या संबंधाचा अभ्यास केला व 1939 साली त्यातील फायटिक अम्लाचा भाग उघड झाला. 1942 साली मॅकन्स व विडोसन यांनी माणसांवर प्रयोग करून फायटिक अम्ल काढून टाकलेल्या पावातील कॅल्शियम अंगी अधिक लागते, असे दाखविले. भाकरी व डाळ हाच ज्यांचा मुख्य आहार, दूध, भाज्या वा मांस ज्यांना बेताचेच मिळते, अशा कुटुंबांतील स्त्रिया व मुले यांच्या बाबतीत लोह व जस्त यांची उणीव पडण्यास हे एक कारण होते.

आपल्या घराघरांतील जुन्या रीती येथे कामी येतात. कडधान्यास मोड आणणे, नाचणी भिजवून, मोड काढून, वाळवून तिचे सत्त्व करणे, ताकात पीठ आंबवून आंबील करणे, या सर्व क्रियांत ओलावा, वेळ व आंबटपणा मिळून फायटेजला काम करण्यास संधी मिळते. मात्र दाणा आधी भाजून मग भिजविल्यास हा लाभ होत नाही, कारण भाजण्याने एंझाइम मरते. प्रथम भिजवावे, मोड आणावेत व मग भाजावे किंवा शिजवावे, हाच क्रम योग्य. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागण्यास आणखी मदत होते. याचा अर्थ कोंडा टाकून द्यावा असा नव्हे. त्यातील जीवनसत्त्वे व चोथा यांची शरीरास गरज असते.

फायटिक अम्ल नसलेले वाण का नकोत?

दाण्यात हे अम्लच कमी केले तर बरे, असा विचार साहजिक मनात येतो. अमेरिकेत व्हिक्टर रॅबॉय यांनी 1990 नंतरच्या दशकात मक्याचे असे प्रकार शोधून काढले. त्यातील स्फुरद कोंबड्यांना अधिक लागू पडले, परंतु दाण्याचे वजन घटले. असे इतर प्रकारही उगवणीस अनेकदा कमजोर आढळतात. फायटिक अम्ल हा बीजाच्या दृष्टीने दोष नसून त्याची शिदोरी आहे, हेच यावरून दिसते. शिदोरी काढून घेण्यापेक्षा ती योग्य वेळी उघडणे अधिक हिताचे.

विष्ठेतून गेलेले बद्ध स्फुरद शेतात पडते तेव्हा तेथील बुरशा व जंतू आपल्या फायटेजने ते हळूहळू मोकळे करतात. म्हणून कोंबडीखत कच्चे न टाकता चांगले कुजवून जमिनीत मिसळावे व ते ओढ्यानाल्यांत वाहून जाऊ देऊ नये. बद्ध स्फुरद कोंबडीच्या पोटात मोकळे झाले तर खाद्याचा खर्च वाचतो. जे तेथे सुटले नाही ते कुजलेल्या खतातून पिकास मिळते. दोन्ही ठिकाणी थोडी दक्षता बाळगल्यास दाम देऊन घेतलेल्या स्फुरदाचा बराच मोठा भाग शेतकऱ्याच्या पदरी पडेल.