फ्लोएला बेंजामिन : मुलांशी मुलांच्या उंचीवरून बोलणारी कलावंत

इंग्लंडमध्ये आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या लोकांसमोर फ्लोएला बेंजामिन हे नाव घेतले, की त्यांना टीव्हीसमोर बसलेले आपले लहानपण आठवते. बीबीसीच्या ‘प्ले स्कूल’ कार्यक्रमातील ही हसरी, वेण्यांत रंगीत मणी ओवलेली बाई त्यांच्यासाठी जणू घरातलीच होती. मुलांचे मनोरंजन म्हणजे हलकेफुलके काम, असे आपण समजतो. फ्लोएलाबाईंची कारकीर्द पाहिली, की हा समज बदलतो.

त्यांचा जन्म १९४९ मध्ये त्रिनिदाद बेटावर झाला. रोजगारासाठी वडील आधी इंग्लंडला गेले, मागोमाग आईही दोन धाकट्या मुलांना घेऊन गेली. उरलेली चार भावंडे परक्या घरी राहिली आणि तिथे त्यांचे फार हाल झाले. सव्वा वर्षाने, १९६० मध्ये, ती चौघे बोटीने इंग्लंडला पोचली. ज्या घरांतील कर्ता माणूस आखातात आहे, त्यांना ही ताटातूट समजावून सांगायला नको.

इंग्लंडमध्ये रस्त्यावर रंगावरून शिव्या मिळत. शाळेत त्रिनिदादच्या बोलीत बोलल्याबद्दल शिक्षिकेने अपमान केला. बेकनहॅम भागात आई मुलांना घेऊन एक घर पाहायला गेली, तेव्हा शेजाऱ्यांनी चोर समजून पोलिसांना बोलावले. आई मात्र खचली नाही. तालीम घ्या, मान ताठ ठेवा, हाच तिचा धडा होता.

शाळा संपल्यावर फ्लोएला बँकेत नोकरीला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ‘हेअर’ या संगीत नाटकासाठी चाचणी दिली. या नाटकात काही प्रसंगी कलाकार विवस्त्र होत. आपण कपडे उतरवणार नाही, असे त्यांनी तिथेच स्पष्ट सांगितले आणि तरीही त्यांची निवड झाली. नवख्या मुलीने स्वतःच्या अटीवर काम मिळवणे सोपे नव्हते. पुढे ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ आणि ‘द ब्लॅक मिकाडो’ या नाटकांनी त्यांना लंडनच्या रंगभूमीवर स्थिर केले.

१९७६ मध्ये त्या ‘प्ले स्कूल’मध्ये आल्या. शाळेत न जाणाऱ्या चिमुकल्यांसाठी १९६४ पासून चालणारा हा कार्यक्रम होता. हम्प्टी, जेमायमा, बिग टेड ही खेळणी आणि गोल, चौकोनी, कमानीच्या खिडक्या मुलांना पाठ होत्या. सादरकर्ता कॅमेऱ्याकडे पाहून असा बोले, की घरातील प्रत्येक मुलाला वाटावे, हा माझ्याशीच बोलतो आहे. नाटकात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो. इथे एकाच मुलाच्या कानाशी बोलायचे होते. फ्लोएलाबाईंना दोन्ही साधले.

इथेच त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. कार्यक्रमात गोष्टी सांगताना जी चित्रे दाखवत, त्यांतील सगळी मुले गोरी होती. इंग्लंडमध्ये तर आफ्रिकी, भारतीय, पाकिस्तानी, चिनी वंशाची मुलेही होती. त्यांचे चेहरे चित्रांत का नाहीत, असे त्यांनी निर्मातीला विचारले. तोवर हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते, असे त्या सांगतात. त्यानंतर चित्रे बदलली. भांडण नाही, मोर्चा नाही. योग्य जागी विचारलेला एक प्रश्न.

‘प्ले स्कूल’ १९८८ मध्ये बंद झाले, पण त्यांचे काम थांबले नाही. सरकारात मुलांसाठी स्वतंत्र मंत्री असावा, म्हणून त्या सुमारे वीस वर्षे पाठपुरावा करत राहिल्या. लोक हसले. अखेर २००३ मध्ये असा मंत्री नेमला गेला. २०१० मध्ये त्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेल्या, तेव्हा त्यांनी किताबात गावाचे नाव घेतले ते बेकनहॅमचे! लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर २०२२ मध्ये वेस्ट इंडीजमधून आलेल्या पिढीचे स्मारक उभे राहिले, त्या समितीच्या अध्यक्षाही त्याच होत्या.

बालपण आयुष्यभर आपल्यासोबत राहते, हे त्या वारंवार सांगतात. शिक्षकाला याचा पडताळा रोज येतो. माणसाचे चित्र काढा म्हटले, की मुले बहुधा पुस्तकात पाहिलेला माणूस काढतात, स्वतःचे अब्बा किंवा दादी नाही. जे छापलेले, पडद्यावर आलेले, तेच खरे आणि मोठे, असे त्यांच्या मनात बसते.

मूल मोबाइल किंवा टीव्ही किती वेळ पाहते, हे आपण मोजतो. कधी शेजारी बसून, ते काय पाहते तेही पाहावे. या गोष्टीत आपल्यासारखे कोण आहे आणि आपल्याहून वेगळे कोण आहे, असे त्याला विचारावे. फ्लोएलाबाईंनी स्टुडिओत विचारलेला प्रश्न घरातही विचारता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.