सहावीतल्या मुलाला तिसरीचं गणित

0.45 मोठा की 0.5? बरीच मुलं 0.45 म्हणतात, कारण 45 हा 5 पेक्षा मोठा! अडॅप्टिव्ह सॉफ्टवेअर अशा चुकीवर नुसती फुली मारत नाही. चूक कुठल्या गैरसमजातून आली ते ओळखून पुढचा प्रश्न त्यानुसार देतं, मग मूल कितवीत का असेना.

याचा उपयोग होतो का? मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा 2019 चा पेपर वाचाच. दिल्लीत 2015 मध्ये 'माइंडस्पार्क'च्या केंद्रांसाठी 619 मुलांमधून लॉटरीने निवड झाली. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीची साडेचार! साडेचार महिन्यांनी लॉटरी लागलेली मुलं गणितात 0.37 प्रमाण विचलनाने पुढे होती. गंमत म्हणजे हजेरी सरासरी 58 टक्केच होती. न आलेल्यांनाही 'लॉटरी लागलेल्यां'तच मोजलंय, त्यांना गाळलं असतं तर लॉटरीचा अर्थच उरला नसता.

शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र लक्षणीय फरक नाही. साहजिकच आहे, सराव तिसरी-चौथीचा आणि पेपर सहावीचा. संशोधकांनी स्वतंत्र चाचणी घेतली नसती, तर ही प्रगती दिसलीच नसती. तुमचं मोजमाप ठरवताना हे आठवा.

माझी शंका वेगळी. रोजच्या 90 मिनिटांत निम्मा वेळ संगणक, निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणी. मग श्रेय कुणाचं? या रचनेतून दोन्ही वेगळं काढता येत नाही.